बाळंतविड्याच्या आधी

आपल्या घरांत बाळंतपणाची तयारी म्हटली की पहिल्याने आठवण होते ती डिंकाची. लेक सातव्या महिन्यात माहेरी येणार अशी वार्ता आली की वडीलधाऱ्या स्त्रिया खारीक, खोबरे, अळीव आणि बाळंतशेपा यांची यादी करू लागतात. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली जातात, माळ्यावरचा पाळणा खाली उतरतो. आमच्या बडोद्यात तर या यादीत शेजारच्या गुजराती घरांचीही भर पडते. 'काटलुं' नावाचा बत्तीस औषधींचा मसाला आता कित्येक मराठी बाळंतिणींच्या लाडवांत सुखाने नांदतो आहे. ही सारी तयारी आम्हांस प्रिय आहे आणि तिची टवाळी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु ती बारकाईने पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. तीतील जवळजवळ प्रत्येक वस्तू प्रसूती सुखरूप पार पडल्यानंतर लागणारी आहे. प्रसूती सुखरूप पार पडावी म्हणून काय सिद्ध ठेवावे, याची यादी मात्र फार थोड्या घरांत आढळते.

वाचक म्हणतील, शाळामास्तरांनी या विषयात का पडावे? त्यास आमच्यापाशी दोन उत्तरे आहेत. एक असे की, शाळेत नाव घालण्याच्या दिवसांत आमच्या मेजावर येणारा पहिला कागद हा जन्मदाखला असतो, आणि प्रसूतीच्या रात्री घाईघाईने भरलेल्या अर्जातील एका अक्षराची गफलत सहा वर्षांनी आमच्यापुढे येऊन उभी राहते. दुसरे असे की, हा विषय केवळ स्त्रियांचा आहे ही समजूतच अनेक घरांत घात करते. म्हणून हा लेख आमच्या भगिनींइतकाच त्यांच्या यजमानांनी, सासऱ्यांनी आणि भावांनीही वाचावा, अशी विनंती आहे.

सुईण ते प्रसूतिगृह

आपल्या आज्यांच्या पिढीत बाळंतपण घरीच होई. अंधारी खोली, कोपऱ्यात शेगडी आणि गावची अनुभवी सुईण, एवढ्यावर सारी भिस्त असे. सुईणीच्या हातात कसब होते, धीर देणारा शब्द होता. तिच्यापाशी नव्हते ते रक्त, शस्त्रक्रिया आणि निर्जंतुक साधने. वार पडल्यावर रक्त थांबेना, मूल आडवे आले, किंवा नाळ कापलेल्या विळ्यातून धनुर्वात शिरला, तर तिचाही निरुपाय होई. नवजात अर्भकांचा धनुर्वात बहुधा पहिल्या एकदोन आठवड्यांतच दिसतो. आपल्याकडे पाचवी आणि सटवी पूजण्याची चाल पडली, तीमागे त्या दिवसांची ही धास्ती असावी, असे आम्हांस वाटते. गर्भवतींचे लसीकरण आणि रुग्णालयातील प्रसूती यांमुळे ही धास्ती सरली. भारतातून माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्यावर २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केले.

या पालटाच्या आरंभी दोन मराठी स्त्रिया उभ्या आहेत, हे विसरता कामा नये. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघे दहा दिवस जगले. त्या दुःखातून डॉक्टर होण्याची जिद्द उपजली आणि १८८६ साली फिलाडेल्फिया येथे त्यांनी वैद्यकीची पदवी मिळविली. दुसऱ्या डॉ. रखमाबाई. बालपणी झालेल्या विवाहाचे बंधन न्यायालयात नाकारणाऱ्या या तेजस्वी स्त्रीने लंडनला वैद्यकीय शिक्षण घेतले, आणि मग आयुष्याची उमेदीची वर्षे आपल्या गुजरातेत, सुरतेच्या व पुढे राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयांत वेचली. प्रसूतीसाठी रुग्णालयात यावयास बायका भीत, तेव्हा रखमाबाईंनी एका गाभण मेंढीस रुग्णालयात आणून तिची सुखरूप सुटका करून दाखविली, असे सांगतात. कथेतील तपशील काहीही असो, त्या काळी रुग्णालयाच्या पायरीविषयी केवढी भीती होती हे तीवरून उमगते.

आज ती भीती उरलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली देशातील शंभर प्रसूतींपैकी जेमतेम ३९ रुग्णालयांत होत. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ८९ च्या घरात पोहोचला. लाख जिवंत जन्मांमागे २००१-०३ या काळात ३०१ माता दगावत, त्या २०१८-२० मध्ये ९७ वर आल्या. ही प्रगती थोर आहे. तथापि याच काळात महाराष्ट्रात हा आकडा ३३, गुजरातेत ५७ आणि मध्य प्रदेशात १७३ होता. आपली मराठी कुटुंबे या तिन्ही प्रांतांत पसरलेली आहेत आणि लेकीसुना एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात बाळंतपणासाठी जातात, म्हणून हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

तीन विलंब

बाळंतिणी का दगावतात, याचा विचार करताना सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासिकांनी १९९४ साली 'तीन विलंब' ही कल्पना मांडली. पहिला विलंब निर्णयाचा: दवाखान्यात न्यावे की पाहावे आणखी थोडी वाट? दुसरा विलंब वाटेचा: वाहन नाही, रस्ता ठाऊक नाही, आधी कोठे जायचे ते ठरलेले नाही. तिसरा विलंब उपचाराचा: रुग्णालयात पोहोचल्यावर रक्त नाही, डॉक्टर नाहीत, किंवा रुग्णाची पूर्वमाहिती नाही. पैकी तिसरा विलंब बव्हंशी शासनाच्या आणि रुग्णालयांच्या हाती आहे. पहिले दोन मात्र घराच्या हाती आहेत, आणि तिसऱ्यातीलही पूर्वमाहितीचा भाग आपणच पुरवू शकतो.

वेळेची किंमत किती, ते सांगतो. दिवस भरत आल्यावर गर्भाशयाकडे दर मिनिटास अर्धा लिटर वा त्याहून अधिक रक्त वाहत असते. प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावले नाही, तर धडधाकट स्त्रीही दोन-तीन तासांत हाताबाहेर जाऊ शकते. मुळातच जिचे रक्त कमी आहे तिला तेवढाही अवधी मिळत नाही. २०१९-२१ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयी आढळल्या, हे ध्यानी घेतले म्हणजे 'सकाळी पाहू' या दोन शब्दांचे मोल कळेल.

माहेरपणाची एक अडचण

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज आहे. लेकीला आईच्या हाताखाली विसावा मिळतो, मनातले बोलता येते. या रिवाजाचे आम्ही समर्थकच आहोत. परंतु परप्रांती वसलेल्या आपल्या घरांत त्यापायी एक अडचण उभी राहते. पहिले सहा-सात महिने तिची तपासणी एका गावी होते आणि प्रसूती दुसऱ्याच गावी. स्त्री प्रवास करते, पण पुष्कळदा तिचे कागद मागेच राहतात.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची हकीगत सांगतो. लेक खानदेशातून आठव्या महिन्यात माहेरी आली. सोबत दोन पेट्या होत्या. ओटीभरणाची साडी होती, बाळाची टोपडी होती. तपासणीची फाइल तेवढी सासरच्या कपाटात राहिली होती. आल्यास आठ दिवस झाले असतील, तो एका रात्री तिच्या अंगावरून रक्त जाऊ लागले. दुखत मुळीच नव्हते, म्हणून आईस वाटले, थोडे पडून राहिल्यास थांबेल. वडिलांनी सासरी दूरध्वनी केला. जावई रात्रपाळीस गेलेले. व्याह्यांनी सांगितले, त्याला विचारल्यावाचून काही करू नका. असा पाऊण तास गेला. शेजारच्या एक गुजराती बाई पूर्वी परिचारिका होत्या. त्यांनी चादर पाहिली, कोणासही न विचारता १०८ क्रमांक फिरविला आणि स्वतः गाडीत बसल्या.

रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, 'सोनोग्राफीचा कागद कोठे आहे?' वार गर्भाशयाच्या तोंडाशी, अगदी खाली होती. ही गोष्ट खानदेशातील डॉक्टरांनी पाचव्या महिन्यातच लिहून ठेवली होती आणि रक्त दिसताच क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठण्याची सूचनाही दिली होती. ते सारे त्या कपाटात होते. रक्तगट नव्याने तपासावा लागला, सोनोग्राफी पुन्हा करावी लागली, मग शस्त्रक्रिया झाली. लेकीस तीन बाटल्या रक्त द्यावे लागले. मूल अपुऱ्या दिवसांचे, ते पुढे दोन आठवडे काचेच्या पेटीत होते. दोघेही वाचली. पण ती वाचली ती शेजारधर्मामुळे. घराच्या तयारीमुळे नव्हे. आणि त्या घरी डिंकाचे लाडू त्या रात्री तयार होते, हे आम्ही विसरू शकत नाही.

कागदांची पिशवी

यावरून निघणारा पहिला धडा सोपा आहे. लेक माहेरी निघेल तेव्हा ओटीच्या नारळाबरोबरच कागदांची एक स्वतंत्र पिशवी तिच्या हाती द्यावी. ती पेटीत न टाकता प्रवासात जवळच ठेवावी. तीत माता व बाल संरक्षण कार्ड असावे. गुजरातेत त्यास 'ममता कार्ड' म्हणतात. सर्व सोनोग्राफींचे अहवाल, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर आणि लघवी यांच्या तपासण्या, धनुर्वाताच्या लसीची नोंद, चालू औषधांची चिठ्ठी, पूर्वीच्या प्रसूतीचा वा शस्त्रक्रियेचा कागद असल्यास तोही घ्यावा. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक आणि आरोग्य विम्याचे कागद यांच्या प्रती ठेवाव्यात. आता घरोघरी खिशात यंत्र आहे. प्रत्येक कागदाचे छायाचित्र काढून ते नवरा, आई आणि भाऊ या तिघांपाशी ठेवावे. कागद हरवला तरी माहिती हरवत नाही.

रक्तगट 'निगेटिव्ह' असल्यास ती गोष्ट कार्डावर ठळक अक्षरांत लिहून घ्यावी. नवऱ्याचा गट 'पॉझिटिव्ह' असेल तर अशा मातेस सातव्या महिन्याच्या सुमारास आणि बाळ 'पॉझिटिव्ह' निघाल्यास प्रसूतीनंतर बहात्तर तासांच्या आत एक विशिष्ट इंजेक्शन द्यावे लागते. ते न दिल्यास त्याची झळ पुढच्या अपत्यास पोहोचते.

माहेरी पोहोचल्यावर दोन दिवसांत तेथील डॉक्टरांकडे नाव नोंदवावे; कळा सुरू होण्याची वाट पाहू नये. सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या नऊ तारखेस गर्भवतींची विशेष तपासणी विनामूल्य होते; प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान या नावाने ही सोय २०१६ पासून आहे. हिमोग्लोबिन ११ हून कमी असेल तर उपचार करून घ्यावेत, आणि ७ च्या खाली असेल तर ती तातडीची बाब समजावी. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही घेऊ नयेत. लिंबू पिळलेल्या वरणभातानंतर घेतलेली गोळी अधिक अंगी लागते.

डोहाळजेवणाच्या दिवशीची बैठक

सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, शेजारी सीमंताचा सोहळा असतो. त्या दिवशी दोन्हीकडची माणसे एकत्र जमलेली असतात. आमची सूचना अशी की, फुलांची वाडी भरून झाल्यावर आणि पाहुणे पांगल्यावर घरच्या चार माणसांनी अर्धा तास बसून पुढील गोष्टी ठरवाव्यात आणि एका कागदावर लिहून भिंतीवर लावाव्यात.

पहिली गोष्ट, निर्णय कोणाचा? सज्ञान स्त्रीच्या उपचारास तिची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी आहे. नवऱ्याची सही हाती येईपर्यंत, सासऱ्यांचा होकार मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. जे माणूस तिच्याजवळ असेल त्याने तिला घेऊन निघावे आणि वाटेत इतरांना कळवावे, असे त्या बैठकीत व्याही-विहिणींच्या समक्ष बोलून ठेवावे. आधी बोललेले असले म्हणजे ऐनवेळी मानापमान आड येत नाहीत.

दुसरी गोष्ट, कोठे जायचे? नोंदविलेले रुग्णालय कोणते, तेथे रात्री शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय आहे काय, आणि नसल्यास तेथून पुढे कोठे पाठवितात, हे विचारून घ्यावे. एकदा दिवसा त्या रुग्णालयात जाऊन प्रसूतीकक्षाचे दार, रात्रीचे प्रवेशद्वार आणि नोंदणीची खिडकी पाहून यावी. आमच्या मांडवी-रावपुऱ्याच्या अरुंद गल्ल्यांत चारचाकी कोठवर येते, तेही पाहून ठेवावे.

तिसरी गोष्ट, वाहन. १०८ ची रुग्णवाहिका बोलावताना पत्ता सांगणारे माणूस शांत असावे. घरापाशीची ठळक खूण कागदावर लिहिलेली असावी. जोडीला शेजारच्या एका वाहनवाल्यास आधीच सांगून ठेवावे.

चौथी गोष्ट, रक्त. रक्तपेढी तपासलेले रक्त देते आणि त्याची भरपाई व्हावी म्हणून रक्तदाते लागतात. तेव्हा निरोगी असे तीन-चार पुतणे-मित्र तयार ठेवावेत. नातलगांचेच रक्त बाळंतिणीस चढवावे असा हट्ट धरू नये. ते वैद्यकीयदृष्ट्या इष्ट नाही.

पाचवी गोष्ट, पैसा. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये सरकारी रुग्णालयात प्रसूती, मग ती नैसर्गिक असो वा शस्त्रक्रियेने, विनामूल्य आहे. औषधे, तपासण्या, रक्त, आहार, घरून येण्याची आणि परत जाण्याची गाडी ही सर्व त्यात येतात. परतीसाठी गुजरातेत 'खिलखिलाट' नावाच्या गाड्या आहेत. खाजगी रुग्णालय निवडल्यास दोन्ही तऱ्हेच्या प्रसूतींचा खर्च आधी लेखी विचारावा. विम्याची भिस्त असणाऱ्यांनी पत्रक नीट वाचावे. पुष्कळ विम्यांत प्रसूतीखर्च मिळण्यापूर्वी काही वर्षे जावी लागतात.

सहावी गोष्ट आपल्यासारख्यांना विशेष लागू आहे, ती भाषेची. साताऱ्याहून बडोद्यास आलेली नवी सून गुजराती समजते असे म्हणते खरी. पण कळांच्या ऐन भरात परिचारिकेने सांगितलेले तिला उमगेलच असे नाही. बेळगावी कानडीची, हैदराबादेस तेलुगूची तीच गत. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीसमयी जवळ एक स्त्री-सोबतीण असावी, यास केंद्र शासनाने २०१६ सालीच मान्यता दिली आहे. सोबतीण म्हणून अशी बाई निवडावी की जी स्वतः बाळंतपणातून गेलेली आहे, जिला स्थानिक भाषा येते, आणि जी स्वतःच रडू लागणार नाही. ती नेहमी सख्खी आईच असेल असे नाही.

केव्हा निघावे

आपल्याकडे 'नऊ महिने नऊ दिवस' असे म्हणतात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस मोजतात. जुन्या हिशेबाशी तो फार जुळता आहे. पण ती तारीख म्हणजे रेल्वेची वेळ नव्हे. थोडीच बाळे नेमकी त्या दिवशी येतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून केव्हाही निघण्याची तयारी असावी.

पहिलटकरणीच्या कळा बहुधा हळूहळू वाढतात. त्या नियमित होऊन सुमारे पाच-पाच मिनिटांनी येऊ लागल्या, दर वेळी अधिक जोराच्या होऊ लागल्या, की निघावे. रुग्णालय दूर असेल, किंवा हे दुसरे-तिसरे बाळंतपण असेल, तर आणखी लवकर निघावे. मात्र पुढील लक्षणांत कळांची वाट पाहणे हा गुन्हाच समजावा: अंगावरून रक्त जाणे, पाणी जाऊ लागणे, बाळाची हालचाल मंदावणे, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, सतत पोटात दुखणे. पाणी गेल्यास त्याची वेळ लिहून ठेवावी. त्याचा रंग हिरवट वा काळपट असल्यास डॉक्टरांना पोहोचताच सांगावे.

बरोबर न्यावयाची कपड्यांची पिशवी छत्तिसाव्या आठवड्यात भरून दारामागे ठेवावी. आईसाठी पुढून उघडणारे दोन गाऊन, आतले कपडे, प्रसूतीनंतर वापरायचे पॅड, पायमोजे, टॉवेल, कंगवा, साबण, पाण्याचा तांब्या आणि पेला. बाळासाठी धुऊन उन्हात वाळविलेली सहा-सात सुती दुपटी, झबली, लंगोट, टोपडे आणि मोजे. नवे कोरे खळीचे कपडे बाळास घालू नयेत. दागिने घरीच ठेवावेत. दूध पाजण्याची बाटली नेऊ नये, ती लागत नाही.

मुहूर्त आणि शस्त्रक्रिया

अलीकडे एक नवीन खूळ निघाले आहे: पंचांग पाहून शस्त्रक्रियेची वेळ ठरविण्याचे. आम्ही पंचांगाचा अनादर करीत नाही. आमच्याही भिंतीवर ते आहे. परंतु वैद्यकीय कारण नसता ३९ आठवड्यांपूर्वी मूल बाहेर काढल्यास त्यास श्वासाचे विकार होण्याचा संभव वाढतो. चांगल्या नक्षत्रासाठी कच्ची फुप्फुसे घेऊन येणारे मूल भाग्यवान कसे म्हणावे? २०१९-२१ च्या पाहणीत सरकारी रुग्णालयांत शंभरातील सुमारे १४ तर खाजगी रुग्णालयांत सुमारे ४७ प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या, ही तफावतही विचार करण्याजोगी आहे. शस्त्रक्रिया कशासाठी, असे नम्रपणे विचारण्याचा घरास अधिकार आहे. आणि उलट बाजूही तितकीच खरी: बाळाचे ठोके मंदावले, वार खाली आहे, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर 'आमच्या घरात कोणाची अशी झाली नाही' हे वाक्य उच्चारू नये. शस्त्रक्रियेने बाळंत होणे यात बाईचा काही उणेपणा नाही.

पहिले दोन दिवस

मूल झाले, पेढे वाटले, की घरच्यांना परतीचे वेध लागतात. पण प्रसूतीनंतरचे पहिले चोवीस तास मातेस सर्वाधिक धोक्याचे असतात. नैसर्गिक प्रसूती झाली तरी निदान अठ्ठेचाळीस तास रुग्णालयात राहावे. तासाभरात दोन-तीन पॅड भिजू लागले, घेरी आली, तर ते 'बाळंतपणात व्हायचेच' असे म्हणून सोडू नये.

बाळास पहिल्या तासातच अंगावर घ्यावे. पहिले पिवळसर दाट दूध, ज्यास आपण चीक म्हणतो, ते पिळून टाकण्याची चाल काही घरांत अजून आहे. तेच बाळाचे पहिले कवच होय. मध चाटविणे, साखरपाणी, गुटी, किंवा शेजारच्या चालीप्रमाणे गूळपाण्याची 'गळथूथी', यांपैकी काहीही देऊ नये. सहा महिने आईचे दूध पुरेसे आहे. आजीबाईंना मान द्यावयाचाच असेल तर बाळ प्रथम त्यांच्या मांडीवर द्यावे. घरी जाण्यापूर्वी क्षयाची लस, पोलिओचा पहिला थेंब आणि चोवीस तासांच्या आत द्यावयाची कावीळ-'ब'ची लस या तिन्हींची नोंद कार्डावर आहे ना, ते पाहावे. घरी गेल्यावर बंद खोलीत धुरी करून माता-बाळ दोघांना गुदमरवू नये, आणि बाळंतिणीचे पाणी तोडू नये. डिंकाचा लाडू मात्र अवश्य द्यावा.

नावाची नोंद

आता आमच्या मेजावरील विषय. १९६९ च्या कायद्यान्वये जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथेच, एकवीस दिवसांच्या आत व्हावयास हवी. लेक बडोद्यास बाळंत झाली तर दाखला बडोद्याचाच मिळणार, मग सासर पुण्यास असो की इंदुरास. रुग्णालय माहिती पाठविते, परंतु ती माहिती आपणच अर्जात भरून दिलेली असते. येथे दोन ठेचा नेहमी लागतात. माहेरी सर्वजण लेकीस माहेरच्या नावाने ओळखतात. रुग्णालयाच्या वहीत भाऊ तेच नाव लिहितो, आणि दाखल्यावर आईचे नाव एक, आधार कार्डावर दुसरे असे होते. दुसरी ठेच गुजरातेतील प्रेमळ रिवाजाची. लिहिणारा कारकून आदराने 'भाई' आणि 'बेन' जोडतो आणि दत्तात्रय कुलकर्णी हे कागदोपत्री 'दत्तात्रयभाई' होतात. मग वर्षानुवर्षे प्रतिज्ञापत्रे करीत बसावे लागते.

तेव्हा आई-वडिलांची नावे, ओळखपत्रांवर आहेत तशीच, देवनागरीत, स्थानिक लिपीत आणि रोमन अक्षरांत एका कागदावर आधीच लिहून पिशवीत ठेवावीत आणि अर्ज सहीपूर्वी स्थानिक लिपी वाचणाऱ्याकडून तपासून घ्यावा. बारसे व्हावयाचे असल्यास मुलाच्या नावाचा रकाना मोकळा ठेवता येतो. वर्षाच्या आत ते विनाशुल्क भरून मिळते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत हाच दाखला जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरला आहे, म्हणून ही दक्षता पूर्वीपेक्षा आता अधिक हवी.

शेवटी पुरुषवर्गास एक शब्द. कळा तिलाच सोसाव्या लागतात, त्यात आपण वाटेकरी होऊ शकत नाही. परंतु या लेखात सांगितलेल्या तयारीपैकी बहुतेक कामे, कागद गोळा करणे, रस्ता पाहून ठेवणे, रक्तदाते जमविणे, व्याह्यांशी बोलणे, अर्ज तपासणे, ही खुशाल पुरुषांनी करण्याजोगी आहेत. बाळंतविडा नेण्याचा मान मावशी-आत्यांचा आहे. तो घेऊन जाताना पाळण्यात बाळ आणि खाटेवर हसरी बाळंतीण असावी, एवढे पाहणे सर्व घराचे काम आहे. ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे, त्यांनी डिंक निवडावयास बसण्यापूर्वी आज सायंकाळी तेवढी कागदांची पिशवी भरावी.